फुलीचा नंबर

९ जून

मला अटक झाली! घरात, भाजी निवडताना, फोनवर.

माणूस हिंदी बोलत होता. आवाज भारदस्त. म्हणे मुंबईच्या विमानतळावर माझ्या नावाचं पार्सल धरलंय, आत बनावट पासपोर्ट आणि कसली तरी पावडर. मी सांगलीच्या बाहेर लांब गेले ती शेवटची श्रवणबेळगोळला. माझ्याकडं खरा पासपोर्ट नाही, बनावट कुठनं आणू?

पण तसं बोलले नाही. म्हटलं, बघू तरी.

"आप डिजिटल अरेस्ट में हैं. कॅमेरा चालू कीजिए. घर में किसी को बताना नहीं."

"नहीं बताती. पण साहेब, पावडर पिवळी है क्या? आमच्या ह्यांची हळदीची अडत होती. तिकडनंच गेली असेल."

ठेवला त्यानं!

हे आले. "कुणाशी बोलायलीस एवढं?" म्हटलं, पोलिसांशी. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरं सांगितल्यावर चिडले. "कापायचा फोन. हसायला काय झालंय?"

हसायला काही झालेलं नाही, हे मलाही माहीत आहे. सुंदरी, माझी धाकटी जाऊ, दिवाळीत अशाच फोनला फसली. दोन दिवस स्वतःच्याच खोलीत बसून होती. खोट्या पोलिसाला विचारून पाणी पीत होती! पैसे गेले ते गेलेच. पण तेव्हापासून ती चार माणसांत बोलत नाही. तिला वाटतं, सगळे आपल्याला बावळट समजतात. म्हणून मी त्या लोकांना हसते. रडून काय होतं ते आमच्या घरानं बघितलंय.

१२ जून

एकच रिंग. नंबर परदेशी, पुढं अधिकचं चिन्ह आणि भलतेच आकडे. अतिशयला पुण्याला विचारलं. मुलगा म्हणाला, "आई, उलटा फोन करायचा नाही. तेवढ्यासाठीच एक रिंग देतात." बरं. नाही केला. पण दिवसभर बोट शिवशिवलं!

१५ जून, रविवार

आज बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, महिला मंडळापुढं बोलले. मी! जिला लग्नात नाव घ्यायला घाम फुटला होता.

विषय— फसवे फोन. अध्यक्षबाई म्हणाल्या, गुणमालाताई, तुम्हालाच रोज येतात तर तुम्हीच सांगा. जणू मला स्थळं येतात.

काय सांगायचं ते आधी ठरवलं नव्हतं. बोलता बोलता सुचत गेलं. नंबर कुठला ते बघा, पण नुसत्या नंबरावर जाऊ नका. हल्ली आपल्याकडचा दिसणारा नंबरही खोटा असतो. माणूस कसा बोलतो ते ऐका. आधी तो घाबरवतो. मग घाई करतो. आत्ताच्या आत्ता, पाच मिनिटांत, नाहीतर खातं बंद. आणि मुख्य म्हणजे, घरात कुणाला सांगू नका म्हणतो. खऱ्या बँकेला किंवा खऱ्या पोलिसाला तुमच्या नवऱ्यापासून काय लपवायचंय? तेव्हा एकच म्हणायचं, "थांबा, ह्यांना विचारून सांगते." खरा माणूस थांबतो. खोटा चवताळतो. आणि पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, लगेच १९३० ला, सायबरच्या हेल्पलाईनला, फोन लावायचा.

एक काकू म्हणाल्या, "आणि ह्यांना विचारलं की हेच ओटीपी सांगून मोकळे होत्यात, त्याचं काय?" सगळ्या हसल्या.

सुंदरी मागं खांबाजवळ बसली होती. ती नाही हसली. पण उठूनही गेली नाही.

२० जून

आज विजेचा फोन. "आज रात्री तुमची लाईट कापणार." फोन ह्यांनी उचलला, माझ्या हाताला पीठ होतं.

मला वाटलं आता कापतील. छे! ह्यांनी त्या माणसाला धरलं. मीटर जोरात पळतंय, अर्ज दिला तर कुणी बघत नाही, डीपीवर झाडाची फांदी आलीय, गेल्या मार्चपासून सांगायलोय... तो बिचारा "सर, सर" करतोय. हे ऐकायला तयार नाहीत. शेवटी त्यानंच फोन ठेवला.

हे म्हणाले, "बघ. पळून गेला. खात्याचाच माणूस असणार."

२७ जून

आजचा फोन नीट लिहून ठेवते.

संध्याकाळचं जेवण चाललं होतं. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, आणि हे फोनवाले नेमके तेव्हाच टपकतात. व्हॉट्सअॅपवर कॉल, +८५५. अतिशयनं मागं सांगितलं होतं, हे कंबोडियाचं. उचलला. मुलगी. हिंदीत पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती— मॅम, मैं रिया, घर बैठे कमाई, आमच्या ग्रुपमध्ये या. मागं कल्ला, शंभर लोक एकदम बोलत असल्यासारखा.

मी तिला "हां, हां" म्हणत होते आणि मध्येच ह्यांना म्हटलं, "आवं, ताक वाढून घ्या की!"

पलीकडं एकदम गप्प. मला वाटलं कटला.

मग अगदी बारीक आवाजात— "काकू, मराठी हाय व्हय तुमी?"

मी काही बोलायच्या आत पुन्हा तीच हिंदी, आधीपेक्षा मोठ्यानं. आणि कट.

ताक तसंच राहिलं.

२८ जून

ह्यांचं मत— नवीन युक्ती. "मराठी माणसाला मराठी माणूस लावलाय. गिऱ्हाईक बघून माल दाखवतात तसं."

अतिशयचं मत— "आई, आता ती परत फोन करणार. मग रडणार. मग पैसे मागणार. ब्लॉक कर, आत्ता माझ्यासमोर कर."

केला. दोघंही शहाणे आहेत. मीच मंडळाला हे शिकवत फिरते.

पण "व्हय" काही शिकवून येत नाही.

२ जुलै

दुसरा नंबर, पुढं +८५५च. मी चष्मा शोधेपर्यंत रिंग संपत आली होती. उचलला.

तीच!

"जी मॅम, आपका खाता खोल देते हैं—" हे मोठ्यानं. आणि लगेच खाली, ओठांत, "काकू, ठेवू नगासा. हसत बोला. समोर उभा हाय त्यो, मराठी येत न्हाई त्याला."

मी हसले. कशी हसले कोण जाणे. म्हटलं, "हां हां, बताओ बेटा. जेवलीस का?"

काय विचारावं माणसानं! एवढंच सुचलं.

"भात खाल्ला. रोज भातच. भाकरी बघून लय दिस झालं." मग मोठ्यानं, "मॅम, ट्रेडिंग बिलकुल सेफ है." मग खाली, "नोकरी म्हणून आणलं. पासपोट काढून घ्येतला. बाहेर सोडत न्हाईत. रोज इतकी माणसं फसवायची, न्हाई जमलं तर मार."

"कुठं आहेस तू?"

"जी मॅम, सोच के बताइए." कट.

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "खोटं असलं तर लय वाईट. खरं असलं तर त्याहून."

६ जुलै, रविवार

अतिशय व्हिडिओवर. मागं नात ब्राह्मी उड्या मारत होती, तिला आज गणपतीचं चित्र दाखवायचं होतं, आणि आम्ही मायलेक भांडत होतो.

"आई, तुझेच नियम लाव तिला. घाबरवलं का? घाबरवलं. मार खाते म्हणाली."

"मला नाही घाबरवलं. ती घाबरली होती."

"घाई?"

"तिला होती. मला काही करायला नाही लावलं."

"घरात सांगू नका म्हणाली?"

"नाही! ह्यांना सांगितलं, तुला सांगितलं. आणि पैसे मागितले नाहीत."

"अजून नाही मागितले."

ब्राह्मी म्हणाली, "आजी, ती मुलगी बोर होत असेल." फोन ठेवला.

सुंदरीला कळलंय. संध्याकाळी दारात येऊन उभी. "अक्का, मला सगळ्यांनी किती समजावलं होतं ते तुमाला ठाऊक हाय. फसल्यावर." एवढंच बोलली. म्हणजे उचला की उचलू नका, ते तिनं सांगितलंच नाही.

९ जुलै

आला. फार थोडा वेळ.

या वेळी हिंदी नाहीच, नुसती घाई. "काकू, पाटणच्या वर कारळेवाडी. राहीबाई, मिल्ट्रीतल्या मानसिंगची आई. तिला सांगा, पूजाचा फोन येतोय, उचल म्हणावं. कितींदा लावला. ती उचलतच न्हाई, कापती."

म्हणजे नाव पूजा! शेवटी कळलं.

"सांगते बाळ. अजून काय करू? तुला काय—"

"तेवढं सांगा फकस्त."

कट.

पैसे नाही मागितले, अतिशय. आईला सांगा म्हणाली.

१० जुलै

मी— पाटणला जाऊन येते.

हे— चातुर्मास बसला.

मी— मुनींनी फिरायचं नसतं. मी मुनी नाही.

हे— कुठली कोण पोरगी, कुठलं गाव, एसटीनं जाणार, आणि तिथं कुणी टोळी असली तर?

मी— कोयनेच्या खोऱ्यात टोळी माझी वाट बघत बसलीय?

हे— मीपण येतो. तू एकटी गेलीस तर कुणाला तरी किडनी देऊन येशील.

१३ जुलै, रविवार

पाय दुखतायत, पण लिहिते.

सांगलीहून कराड, कराडहून पाटण. पाटणच्या स्टँडवर चौकशी केली तर वडापवाला म्हणाला, कारळेवाडी ना, बसा. जीपमध्ये माणसं किती कोंबली ते मोजायला जागाच नव्हती. ह्यांच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. हे, जन्मात अंड्याला शिवले नाहीत! तासभर कोंबडीशी नजर न मिळवता बसले.

गाव डोंगराच्या अंगाला. घर लगेच सापडलं. मानसिंगनं नवीन बांधलंय, सिमेंटचं, निळा रंग. दारात राहीबाई शेंगा फोडत बसलेली. साठीची, काटक.

मी म्हटलं, "आम्ही सांगलीहून आलोय. तुमच्या पूजाचा निरोप आहे."

शेंगा खाली. बाई उठून उंबऱ्यात उभी राहिली. "कोण तुमी? बँकेचं?"

"नाही हो. मला तिचा फोन आला—"

"आधार न्हाई दावणार. अंगठा न्हाई देणार. मानसिंगनं सांगून ठेवलंय."

झालं! एवढे दिवस मी त्या लोकांना ओळखायला शिकवतेय, आणि इथं मीच ती. परक्या गावची बाई, मुलीचं नाव सांगून दारात उभी, घाई करतेय. माझ्या नियमांत मी चपखल बसले! हसू आलं, आणि वाईटही वाटलं. शेवटी मीच माझं आधार कार्ड काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "तुमचं नको. माझं बघा. फोटो वाईट आहे, पण मीच आहे."

तिनं फोटो बघितला, मला बघितलं. "आत या."

पाणी दिलं. मग मी सगळं सांगितलं, पहिल्या "व्हय"पासून. राहीबाई म्हणाली, पूजा गेल्या दसऱ्याला गेली. हॉटेलात कॉम्प्युटरचं काम म्हणून. पहिले दोन महिने बोलली, मग बंद. "आमाला वाटलं, रुसली. जाताना माझं अन् तिचं भांडान झालं हुतं. म्हनलं, करंल कवातरी."

मी विचारलं, "राहीबाई, ती म्हणते तुम्ही फोन कापता."

"म्या? माझ्या लेकीचा?"

मग तिनं ब्लाऊजातनं फोन काढला. छोटा. माझ्या हातात दिला. म्हणाली, "पोरानं संक्रांतीला शिकीवलंय. म्होरं फुली असंल आन् फुलीच्या म्होरं नऊ-एक नसंल, तर उचलायचा न्हाई. कापायचा. तवापास्नं म्या एकबी उचलला न्हाई बगा." थोडी अभिमानानंच बोलली.

मी कॉलची यादी उघडली. +८५५. +८५५. +८५५. खाली सरकवत गेले तरी संपेना. काही दुपारचे, काही पहाटेचे. सगळे कापलेले.

मला सांगावं लागलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हे समदे... तिचं?"

हे उठून बाहेर गेले, गोठ्याकडं. मी तिचा हात धरला. ती रडली नाही. फोन परत घेतला, पदरानं पुसला, आणि नुसती त्याच्याकडं बघत बसली, जणू आता वाजेल.

मानसिंगला फोन लावला. तो वर कुठं तरी सीमेवर आहे. आवाज कडक. "मॅडम, खूण काय दिली तिनं? ती माझीच बहीण हे कशावरून?" खूण काही नव्हती. तसंच सांगितलं. तो म्हणाला, "मग सॉरी. आईला त्रास देऊ नका." त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी हेच म्हणाले असते.

पण राहीबाईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "मान्या, तू गप. म्या इतकं दिस तुझं ऐकलं. आता जे काय फुलीचं यील ते म्या उचलणार. भामटा असंल तर असू दे, दोन शिव्या दीन. पोरगी असली मंजी?"

निघायला लागलो तर जेवल्याशिवाय सोडेना. आम्ही जैन, कांदा-लसूण चालत नाही, हे सांगायला मी कचरले. तिनं आधीच ओळखलं होतं. म्हणाली, "आमच्या मानसिंगचा मास्तर तुमच्यातलाच हुता. आवं, मला ठावं हाय." नाचणीची भाकरी, घेवडा, दही. दिवस मावळायच्या आत वाढलं.

१४ जुलै

सायबर पोलिसांकडं गेलो. साहेब विश्वजीत पाटील, अतिशयच्या वयाचे. वाटलं, हसतील. हसले नाहीत. सगळे नंबर लिहून घेतले. म्हणाले, "काकू, हे खोटं असेल तर तो गुन्हा आहे, आणि खरं असेल तर तोही गुन्हाच. दोन्ही माझंच काम." वरपर्यंत, दिल्लीला परराष्ट्र खात्याकडं कळवतो म्हणाले. घरच्यांची तक्रार मात्र लागेल, आणि पासपोर्टचा नंबर.

मला ताकीद— उचला, पण स्वतःबद्दल काही सांगू नका. पैसे नाहीत, लिंक नाही. मी म्हटलं, साहेब, हे मी शिकवते.

१८ जुलै

राहीबाईचा फोन! इतक्या मोठ्यानं की ह्यांना हॉलमध्ये ऐकू आलं.

"आला! उचलला! पूजाच हाय! कुणाच्या तरी फोनवनं बोलली. आवाज पार खोल गेलाय पोरीचा. म्या म्हनलं, रागावलीस व्हय गं? तर रडाया लागली. तिला म्हनलं, मानसिंग येतुया, भिऊ नगंस..."

हे स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावायला लागले. एक वाटी फुटली.

१९ जुलै

मानसिंगचा फोन. "काकू, छुट्टी टाकलीय. परवा सांगलीत येतो, पाटील साहेबांना भेटतो." मग, "त्या दिवशी मी जे बोललो—"

"तेच बोलायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

मंडळात पुन्हा बोलावलं. या वेळी गर्दी! कारळेवाडीची गोष्ट आधीच सगळ्यांना कळलेली. प्रश्न एकच, मग परका नंबर उचलायचा की नाही?

म्हटलं, नाहीच उचलायचा, पण... आणि अडकले.

मागून आवाज आला. सुंदरी! उभी राहून. "घरातल्यांनी एक शब्द ठरवायचा. आपल्या माणसालाच ठाऊक असलेला. परक्या नंबरावनं कुणी मी तुमची मुलगी म्हणाली, तर शब्द विचारायचा. आणि मेसेज तर कुठनंबी करता येतोय. आधी शब्द पाठव, मग मी उचलते."

सगळ्या तिच्याकडं बघत राहिल्या. दिवाळीपासून मंडळात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मला कुणी एक शब्द विचारायला सांगितलं असतं तर," ती म्हणाली, आणि बसली.

मग तासभर शब्द ठरवायचा गोंधळ. कुणी नवऱ्याचं लाडाचं नाव, कुणी म्हशीचं. आमच्या घरचा शब्द सुंदरीनंच ठरवला. इथं लिहीत नाही. शब्द कशाला ठरवला मग!

१२ ऑगस्ट

आयर्विन पुलाजवळ पाणी चढतंय. सगळे पातळी विचारतायत. मला एक फोन आला, "आपका केवायसी." म्हटलं, भाऊ, नदी घरात शिरायला आलीय, ती केवायसी मागत नाही. ठेवला त्यानं.

पूजाचा मात्र मला परत फोन नाही. येण्याचं कारणही नाही, आता ती आईशी बोलते. मानसिंग सांगतो, शेवटचा फोन येऊन आठवडा झाला. तरी +८ दिसलं की माझा हात आधी जातो.

२२ ऑगस्ट

सुटली!!

तिथल्या पोलिसांनी इमारतीवर धाड घातली. बरेच लोक बाहेर काढले, त्यात आपलेही. पाटील साहेबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "यादीत नाव आहे, काकू. कागदपत्रं झाली की दिल्ली." मानसिंग तिकडंच निघालाय.

ह्यांनी पेढे आणले. सुंदरीनं पहिला उचलला. अतिशय फोनवर म्हणाला, "आई, मी चुकलो." म्हटलं, "नाही रे. या वेळी तू चुकलास, एवढंच. पुढच्या वेळी मला ब्लॉक करायला लावशील, तेव्हा करीन."

७ सप्टेंबर

पर्युषण काल संपलं. पोट आणि मन दोन्ही हलकं. राहीबाईचा निरोप आलाय, पूजा घरी पोचली, ताप होता, आता बरी आहे. पुढच्या रविवारी मायलेकी येणार आहेत सांगलीला. मला भेटायला!

काय करू? पुरणपोळी? भाकरी! भाकरीच करते. आणि शेंगांची चटणी, बिनलसणीची. हे म्हणाले, एवढी तयारी तर सुनेच्या वेळी केली नव्हतीस.

१४ सप्टेंबर, रविवार

आली. बारीक, लाजरी, आईला चिकटून. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "बोल गं, फोनवर कशी घडाघडा बोलायचीस." ती माझ्याकडं बघत राहिली. "काकू, म्या तुमास्नी कवाच फोन केला न्हाई. म्या तापानं पडल्याली, मला फोनवर बसवतच न्हवते. त्ये माज्या खोलीतल्या रेश्माताईनं केलं समदं. माझ्या आईचा नंबर मागून घ्येतला. आईशी बोलले, त्योबी तिचाच फोन, चोरून. म्हनायची, आधी तुजं बघू." मी विचारलं, ती कुठं आहे. "तिथंच. धाड पडली त्याच्या आदल्या दिशी तिला दुसरीकडं न्हेली. घरच्यांस्नी म्हाईत न्हाई, दुबईला हाय म्हणून सांगितलंय." गाव? "हितलीच की. कुपवाड."

भाकऱ्या झाकून ठेवल्या. हे चपला घालून रिक्षा थांबवून उभे आहेत. निघतो.